तीन नंबरचा ग्लास

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, ही एक सोडून. ज्या मित्रांबरोबर कॉलेजात एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, त्यांनाही ही माहीत नाही. डॉक्टरला सांगितली नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिलो. तुम्हाला सांगतोय — का, ते मला नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत मी अजून नाक वर करूनच वावरतो.

नाकापासूनच सुरुवात करतो.

मी पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात एकोणीस वर्षं काढली. आधी उष्टी ताटं उचलली, मग पाणी वाढलं, मग बारमध्ये गेलो, आणि शेवटची आठ वर्षं वाईनच्या बाटल्या माझ्या ताब्यात होत्या. पाहुण्यासमोर बाटली धरायची, बूच काढायचं, घोटभर ओतायची, आणि साहेब हुंगून मान डोलावेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं — ही नोकरी. आमचे जुने कॅप्टन होते, म्हणजे वेटरांचे प्रमुख, त्यांनी मला वास घ्यायला शिकवलं. ते म्हणायचे, जीभ नुसती आंबट-गोड-तुरट सांगते, बाकीचं सगळं नाकाचं काम. पाहुणे उठून गेले की बाटलीच्या तळाला उरलेली दोन बोटं वाईन आम्ही मागच्या बाजूला नेऊन हुंगायचो, चाखायचो. म्हणजे माझी विद्या उष्ट्यावरची, हे आधीच सांगून टाकतो. पण विद्या होती. मेहकरचा मुलगा, ज्याच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, तो डोळे मिटून सांगायचा की ही फ्रान्सची, ही आपल्या नाशिकची, ही उन्हात राहून बिघडलेली.

गावात याचं भारी कौतुक. सुट्टीत आलो की दोस्तमंडळी डोळे बांधून परीक्षा घ्यायची. हे तूप म्हशीचं का गाईचं, ही डाळ कोणाच्या घरची, चहात काय काय टाकलंय. मी बरोबर सांगायचो. ‘दिन्याचं नाक’ असं लोक बोलायचे. प्रत्येकाला मिरवायला काहीतरी लागतं ना? कुणाची शेती असते, कुणाचा मुलगा परदेशात असतो. माझं हे होतं. दुसरं काही नव्हतंच.

कोरोनात हॉटेल बंद पडलं, नोकरी गेली, आणि मागोमाग मला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला. वास गेला तो गेला. इतरांचा पंधरा दिवसांत, महिन्यात परत आला, मीही वाट पाहिली. लिंबू हुंगलं, कापूर हुंगला, लसूण ठेचून नाकाशी धरला — डोळ्यांना पाणी आलं, वास आला नाही. मेहकरला परत आलो, रस्त्याकडेला भोजनालय टाकलं, आणि कुणाला काही म्हटलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? आजार तो आजार. बरोबर आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती उघडायला माणूस तयार होत नाही, मूठ रिकामी आहे हे त्याला माहीत असतं म्हणून. मी रोज सकाळी भोजनालयाच्या स्वयंपाकघरात जातो, पातेल्यावरचं झाकण उचलतो, नाक पुढे करतो, कपाळाला आठी घालतो आणि म्हणतो, हिंग कमी आहे. आमचा आचारी काशीनाथ मुकाट्याने हिंग टाकतो. त्या भाजीत हिंग बरोबर होता की नव्हता, देव जाणे. एकदा घरी गॅस सुटला. बायको गच्चीवरून धावत आली, आणि मी शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेलो. म्हटलं, लक्ष नव्हतं. तिने विश्वास ठेवला.

पण हे नाही. हे सांगून सुटका झाली असती तर मी हे केव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं, हसत हसत. मला जे सांगायचंय ते याच्या पलीकडे आहे, आणि तिकडे जायला पाय उचलत नाही.

गजाननबद्दल सांगतो. गजा. कॉलेजात आम्ही चौघे एका खोलीत होतो — गजा, सलीम, मोहन आणि मी. सलीमचं आता मेहकरात कापडाचं दुकान आहे. मोहन इंजिनिअर झाला, पुण्यात स्थिरावला, मध्ये तीन वर्षं कंपनीने त्याला फ्रान्सला पाठवलं. गजा सुलतानपूरला परत गेला, बापाची शेती पाहू लागला. चौघांत सगळ्यात कमी बोलणारा तो. एकदा जालन्याकडे पाहुण्यांकडे गेला होता, तिथे द्राक्षांच्या बागा पाहिल्या, आणि डोक्यात किडा शिरला की आपण वाईनची द्राक्षं लावायची. खायची नाहीत, वाईनचीच. नाशिकहून रोपं आणली. घरामागच्या उतारावर अर्ध्या एकरात लोखंडी अँगल रोवले, तारा ओढल्या. चारही बाजूंना सोयाबीन आणि तूर, मध्ये हा मांडव. लोक हसले. त्याचे काका त्याला ‘साहेब’ म्हणू लागले. तो हसण्यावारी न्यायचा आणि छाटणीला जायचा.

आणि शिकवत होतो मी. हे ऐका. तो मला पुण्याला फोन करायचा. साल रसात किती दिवस ठेवायची, गाळ कधी बाजूला करायचा, उन्हापासून किती जपायचं. मला काय माहीत होतं? मी बाटल्या उघडणारा माणूस. पण आमच्याकडे वाईन करणारे लोक जेवायला यायचे, टेबलावर बोलायचे, ते मी ऐकलेलं असायचं, ते मी गजाला ठोकून द्यायचो — घाई करू नको, गाळ बसू दे, थंडाव्यात ठेव. वंदनावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते सगळं मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं. दिनकरभाऊजी म्हणतात, अमुक दिवस. दिनकरभाऊजी म्हणतात, तमुक. विहिरीजवळ त्यांनी जमिनीत अर्धी उतरलेली एक खोली बांधली, भिंतींना ओली पोती लावली, आणि उन्हाळाभर दिवसातून तीनदा ती पोती वहिनी भिजवायच्या. मी गमतीत सांगितलेलं, त्या दोघांनी खरं केलं.

पाच वर्षं गेली यात. रोपं लावली ती कोरोनाच्या आधी, आणि पहिली धड वाईन झाली तोवर मी नोकरी आणि नाक दोन्ही घालवून मेहकरात बसलो होतो.

त्या हिवाळ्यात मोहन परत आला. येताना नवराबायकोच्या सामानात मिळून चार फ्रेंच बाटल्या आणल्या — दोन लाल, दोन पांढऱ्या. आम्ही चौघे दरवर्षी थंडीत गजाच्या शेतात रोडग्यांचा बेत करतो. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. मोहन फोनवर म्हणाला, यंदा आधी वाईन चाखू, मग रोडगे. बाटल्यांचे फोटोही पाठवले. मी ते फोटो मोठे करून करून पाहिले, नावं पाठ केली, जुनी आठवण उकरून कोणत्या बाटलीला काय म्हणतात ते मनात घोळवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं करतात तसं.

बेताच्या दहाएक दिवस आधी गजा माझ्या भोजनालयात आला. दुपारची गर्दी ओसरली होती. समोर बसला, चहा नको म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला असेल.

“दिन्या, माही एक बाटली सलीमच्या हातानं मोहनच्या बाटल्यात घुसवतो. मोहनले सांगू नको. तो म्हणते, परवाना काढू, मशीन आणू, भागीदारी करू, पण पहिले दिन्यानं चांगलं म्हणलं पाह्यजे. तं तू खरं ते सांगजो. दोस्त हाये म्हणून चांगलं म्हणू नको.”

तेव्हाच सांगायचं होतं. गजा, मले वासच येत नाही. पाच शब्द. भोजनालयात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तो हसला नसता. तो हसणारा माणूसच नाही. फार तर म्हणाला असता, मग मोहनलाच विचारू, सलीमला विचारू.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, ग्लास मी आणतो.

आमच्याकडे शेतात जेवायचं तर स्टीलचे ग्लास असतात. काच फुटते, कोण नेणार? गजानेही स्टीलचेच काढून ठेवले होते, घासून लख्ख. मी म्हटलं, स्टीलमध्ये वाईन चाखतात का बे? काचच पाहिजे. सगळ्यांना ते पटलं, कारण मी बोललो होतो. भोजनालयातले काचेचे ग्लास मी वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून नेले. पातळ, स्वच्छ, आरपार दिसणारे.

त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. विहिरीजवळच्या लिंबाखाली सतरंजी अंथरलेली. पांढऱ्या बाटल्या ओल्या पोत्यात बांधून मोहनने विहिरीत सोडल्या होत्या, त्या वर काढल्या. पलीकडे गोवऱ्या पेटवलेल्या, वहिनी कणीक मळत होत्या. भाजी अजून चुलीवर चढली नव्हती. मीच बजावलं होतं, मसाला शिजायला लागला की वाईनचा वास मरतो. मला काय फरक पडत होता, सांगा? पण मी बजावलं.

पांढऱ्या आधी. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. आत काही नव्हतं. तोंडात थंड आंबट पाणी, बस. आणि मी बोलायला लागलो — ही कोवळ्या सफरचंदाची, हिच्यात जरा लोण्याचा भास आहे, ही दगडाळ जमिनीतली. फोटोवरून पाठ केलेलं सगळं धडाधडा. मोहन मांडीवर थाप मारून म्हणाला, तिकडचा दुकानदार अगदी हेच म्हणाला होता. गजा माझ्याकडे बघत होता तो असा, की काय सांगू. आपल्या मास्तरकडे बघतात तसा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी पुन्हा मी झालो होतो.

मग लाल. सलीम पीत नाही, म्हणून ओतायचं काम त्याच्याकडे. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीमागे जाऊन त्याने ओतलं, ताटात तीन तीन ग्लास मांडून आणले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. एक, दोन, तीन. कोणत्या आकड्यात कोणती बाटली, हे एकट्या सलीमला ठाऊक. मोहनला वाटत होतं की त्याच्याच दोन बाटल्यांपैकी एक दोनदा ओतलीय, फसवायला.

आता ऐका. जुनी लाल वाईन उजेडात तिरकी धरली की काठाला विटकरी दिसते. नवी असेल तर काठ जांभळट असतो. हे नाकाचं काम नाही, डोळ्याचं आहे. बारमधला कोणताही जुना माणूस सांगेल. मी तिन्ही ग्लास उन्हात धरले. दोन विटकरी. तिसरा जांभळट, तळाशी किंचित गाळ.

मला कळलं की तीन नंबर गजाचा.

म्हणजे मी अंदाजाने बोललो नाही. अंधारात दगड मारला असं झालं नाही. काच मी याचसाठी नेली होती. दहा दिवस आधी, गजा समोर बसला होता तेव्हाच, मला माहीत होतं की नाक साथ देणार नाही, डोळे देतील. स्टीलच्या ग्लासात मला काहीच दिसलं नसतं, मग मला गप्प बसावं लागलं असतं. मला गप्प बसायचं नव्हतं. नेताना मनात काय होतं? वाटलं होतं की गजाची ओळखून काढीन आणि तिला चांगलं म्हणीन, सगळे खूश. खरंच तसं वाटलं होतं का? आता मला आठवत नाही. तसं वाटलं असावं असं मला वाटायला हवंय, एवढंच.

मोहनने एक चाखला, ठेवला. दोन चाखला, ठेवला. तीन चाखला, थांबला, परत उचलला. म्हणाला, हे जरा वेगळं लागते. तिसऱ्यांदा उचलला. त्याच्या ग्लासात बोटभरच उरलं. सलीमने नुसता वास घेतला होता, ओतता ओतता. तो अत्तराचा शौकीन, त्याचं नाक चांगलं आहे. तो म्हणाला, “पीत नाही मी, पण मले तं तीन नंबरचाच वास आवडला भाऊ.”

मी म्हटलं, न पिणाऱ्याने पंच होऊ नये. सगळे हसले. सलीमही हसला.

वहिनींचे हात थांबले होते. कणकेचा गोळा तळहातावर तसाच. गजा ग्लासांकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. आणि मला काय होतंय हे मी तेव्हाच ओळखलं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बाटल्या उघडल्या. लोकांचं उष्टं हुंगून शहाणा झालो. आणि हा — जो कधी नाशिकच्या पुढे गेला नाही, ज्याला फ्रान्स नकाशात दाखवता येणार नाही — याने माझ्याकडूनच ऐकून, ओल्या पोत्यांच्या खोलीत, ती गोष्ट तयार केली होती, जी मोहन तीनदा उचलत होता. आणि मला तिचा वाससुद्धा येत नव्हता. मला सहन झालं नाही. एवढंच आहे ते. याला मोठं नाव नाही. जळलो.

मी तिसरा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. वेळ घेतला. चेहरा वाकडा केला. घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

आणि म्हटलं, “हे बिघडलंय. व्हिनेगर झालंय याचं. ज्याने केलंय त्याला वाईन म्हणजे काय हेच माहीत नाही.”

बघा, हे मी आमच्या बोलीत बोललो नाही. पुण्याच्या हॉटेलात पाहुण्यांशी बोलायचो त्या मराठीत बोललो. दोस्ताला मारायचं तर माझ्यातला कोणता माणूस पुढे आला, बघा.

मोहनने हातातला ग्लास खाली ठेवला. क्षणभर त्याच्या तोंडावर गोंधळ दिसला, मग म्हणाला, हाव, मागून जरा आंबट येते खरं. येत नव्हतं. माझ्या बोलण्यानंतर आलं ते. कोणता आकडा कोणाचा, हे सांगायला सलीमने उशीर केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं. मग म्हणाला, तीन नंबर आपल्या गजाची.

मोहन खजील झाला. काहीतरी म्हणाला, पहिलाच प्रयत्न आहे, होतं असं. मीही चमकल्याचं नाटक केलं — अरे, तुझी होती? आधी सांगायचं ना. हे सुद्धा केलं मी.

गजा म्हणाला, “बरं झालं. कळलं तं.” उठला आणि गोवऱ्यांकडे गेला. जेवताना वहिनींनी माझा रोडगा स्वतः फोडला आणि त्यात तूप ओतलं, मी हात आडवा धरेपर्यंत ओतत राहिल्या. पाहुण्याला ओततात तसं. मी दोन रोडगे खाल्ले. चव लागायचा प्रश्नच नव्हता.

इथे संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण नाही संपलं.

आठवडाभराने गजा उसनी पिकअप घेऊन भोजनालयासमोर उभा. मागे चार क्रेट, सगळ्या वाईनच्या बाटल्या. त्याच्याकडे होत्या तेवढ्या. म्हणाला, “व्हिनेगर झालं म्हणतं तं तुह्या कांद्याले कामी येईन. फेकाचं जिवावर येऊन राह्यलं.” आम्ही भोजनालयात व्हिनेगरचा कांदा देतो, ताटाबरोबर. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. पैसे विचारले तर रागावला. मी क्रेट उतरवून घेतले.

काशीनाथने दुसऱ्या दिवशी कांदा चिरला, मीठ टाकलं, बाटली उघडली आणि थांबला. हुंगली, बोट बुडवून चाटलं, मला बोलावलं. म्हणाला, “साहेब, हे कायचं व्हिनेगर? हे तं चांगलं हाये. कांद्यात काऊन टाकता?” काशीनाथ दहा वर्षं नागपूर रोडच्या ढाब्यांवर राहिलेला, व्हिनेगर आणि दारू यातला फरक त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो — आता तर कुणालाही माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी त्याच्यावर ओरडलो. तुला काय समजतं म्हटलं. तो गेला कांद्याकडे. मग मी एकेक बाटली मागच्या नालीत ओतली. एकेक बूच काढून. हात सराईत होते, वेळ लागला नाही. शेवटच्या दोन-तीन बाटल्यांना मी नाक लावून पाहिलं. वाटलं, नशिबाने आज येईल. नाही आला.

आता मला सांगा — तेव्हा वेल उभे होते. छाटणी झालेली, मांडव जागेवर. गजा म्हणाला होता की तुरी निघाल्या की बघतो काय करायचं ते. म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते. काशीनाथचं बोलणं ऐकून मी त्याच मिनिटाला फोन लावू शकत होतो. मेहकरहून सुलतानपूरला जायला कितीसा वेळ लागतो? मोहनचा नंबर माझ्याकडे होता. मी मोहनशी त्या दोन महिन्यांत तीनदा बोललो — एकदा त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला, दोनदा असंच. दर वेळी तो म्हणाला, गजाचं वाईट वाटते रे, पण तू होता म्हणून वाचलो, नाहीतर मी पैसे टाकलेच असते. दर वेळी मी म्हटलं, हो ना.

फाल्गुनात गजाने वेल उपटले. मी पाहायला गेलो नाही, सलीमने सांगितलं. मुळं खोल गेली होती, ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढावी लागली. वहिनी घरातून बाहेर आल्या नाहीत म्हणे. तारा आणि अँगल भंगारात गेले. आता तिथे सोयाबीन आहे, सगळ्यांसारखं. काका गजाला पुन्हा गजानन म्हणतात. सलीम त्या दिवशी दुकानात कापड घडी करता करता एवढंच म्हणाला, “मले अजूनही त्या वासाची आठवण येते बे.” मी विषय बदलला. त्याला संशय आहे का? असेल. त्याने कधी विचारलं नाही, आणि मी त्याच्या दुकानात जाणं कमी केलं.

मनातल्या मनात मी पुष्कळ वकिली केली, तीही सांगतो. म्हटलं, सोयाबीन-तुरीच्या गावात वाईन कोण विकत घेणार होतं? परवाना मिळाला नसता. मोहन दोन वर्षांत कंटाळला असता. गजा बुडाला असता, मीच वाचवलं. हे सगळं कदाचित खरंही असेल. पण त्या क्षणी, ग्लास उन्हात धरलेला असताना, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. तेव्हा डोक्यात एकच होतं, की याला खाली बसवायचं. बाकीचं सगळं नंतर गोळा केलेलं आहे.

या वर्षी वैशाखात गजाच्या मुलीचा साखरपुडा झाला, मेहकरातच, मंगल कार्यालयात. आम्ही तिघेही गेलो. मुलाकडची माणसं चांगली होती, शिकलेली. गजा आता पूर्वीपेक्षा जरा जास्त बोलतो. त्याने मला हाताला धरून होणाऱ्या व्याह्यांसमोर नेलं. म्हणाला, “हा माहा दोस्त दिनकर. लय वर्षं पुण्याले मोठ्या हॉटेलात होता. माह्या पाच वर्षांच्या कामाले यानं तोंडावर खराब म्हणलं, दोस्त असून. दुसरा असता तं गोड बोलून मले बुडवला असता. खरं बोलणारा माणूस पाह्याचा असन तं हा पाहा.”

वंदनावहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरून मला नमस्कार केला.

मग गजाने मानाच्या पाहुण्यांना दुपट्टे-नारळ द्यायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं घेतलं, मुलीच्या मामाच्याही आधी. लोक वळून बघत होते. मी पुढे झालो. त्याने दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला, आणि वाकून पाया पडला — माझ्याच वयाचा माणूस. मी त्याला उठवलं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर पहिल्या पंगतीला बसलो आणि पोटभर जेवलो.